पावती

शिरोलीच्या शेडातनं कडं बाहेर आलं
तवा त्याला पोतं न्हाई, ताडपत्री न्हाई.
पांढऱ्या फोमात गुंडाळून पेटीत निजवलं,
वर चार जणांच्या सह्या.
नूरमहंमद शिकलगार पेटीला कान लावून उभा.
"काय आयकताय, मामू?"
"काय न्हाई. हवा लागती का बघतोय."

पणजा तेचा तलवारीला धार लावायचा, आजा अडकित्त्याला,
हा कड्याची धार मारतो,
बोट फिरलं तरी केस अडकू नये म्हणून.
सतरा दिवस लेथवर.
आधीची चार भंगारात गेली,
पाचव्याच्या येळी घरात कोण मोठ्यानं बोललं न्हाई.

मी अप्पासो बिरंजे. बावीस वर्षं
गूळ खाली, मासळी वर.
गगनबावड्याचं वळण न् वळण मनगटाला पाठ.
नावात गगन, आणि रस्ता खाली जातो.
कोकणात रेल्वे येणार म्हणून माझ्या लग्नात भाषण झालतं.
परवा लेकीचं लग्न झालं.
भाषण तेच, माणूस दुसरा.

ह्या खेपेला तोंड उगवतीकडं.
हुबळी, बळ्ळारी, कडप्पा,
ताशी चाळीसच्या वर काटा न्यायचा न्हाई.
खड्डा दिसला की उतरायचं, पायानं मोजायचा, मग चाक घालायचं.
मागनं शिव्या सगळ्या भाषांत,
सूर वळखीचा.

मग तळं लागलं. तळ्याच्या पोटातनं सरळ रस्ता,
दोन्ही अंगाला लांब पायाचे गुलाबी पक्षी
कायतरी हरवल्यागत पाण्यात बघत.
अलीकडच्या गावात रॉकेट सलून, रॉकेट टायर्स,
शाळेच्या भिंतीवर रॉकेट, तेच्या शेंड्यावर कावळा.
चहाच्या टपरीवर एक कोळी भेटला. त्याला मराठी न्हाई,
मला तेलुगू न्हाई.
तेनं बोट वर केलं, तोंडानं धुराचा आवाज काढला,
मग दोन्ही मनगटं एकावर एक ठेवली:
त्या दिवशी होड्या बांधलेल्या.
चहाचे पैसे तेनंच दिले.

फाटकावर म्हणले, तुम्ही इथंच.
पेटी त्यांच्या गाडीत गेली, हलकी पोरगी सासरी जावी तशी,
एकदा बी मागं न वळता.
शिक्का मारणारा सायेब पोरगेलासा.
विचारलं, हे बसतं कुटं?
तेनं चलनाच्या पाठीवर पेन्सिलनं उभी रेघ मारली,
खालच्या टोकाला गोल केला.
"दो मिनट का काम है. फिर समुंदर में."

परत येऊन सांगितलं.
मामूनं लेथ बंद केला. पट्टा थांबेस्तोवर बोलला न्हाई.
"दोन मिनिटं?
खासबागेत निकाली कुस्तीला तेवढीच लागत्यात."
नखातलं काळं बघत बसला.
मग हळूच:
"समुद्रात म्हणजे... गंजंल की रं ते."

आणि ज्या सांजेला ते उडालं
तवा मी गगनबावड्याच्या खाली, करूळ घाटात, गूळ भरून.
दरड आलेली. पुढं एकवीस गाड्या, मागं किती देव जाणे.
शेजारच्या केबिनीतल्या पोराच्या मोबाईलवर आकडे उलटे चाललेले,
रेंज आली, गेली, आली.
वर बघितलं. धुकं.
इथनं काय दिसणार?

मी गिअरच्या दांड्यावर बोट आपटत मोजलं.
साठ. नव्वद.
एकशे अठराला कुणीतरी हॉर्न मारला, माझी मोजणी चुकली.
धरून चाललो, पडलं आसंल.

जेसीबीनं धोंडा कडंला लोटला.
सनवायझरमधे पावती अजून हाय,
आडनावात एक काना जास्ती,
खाली शिक्का: माल सुस्थितीत मिळाला.
पहिला गिअर टाकला.
खाली समुद्र, मावळतीचा.
गूळ उतरवताना तिथल्या कुणाला तरी विचारीन,
लोखंड किती दिवसात विरघळतं.
मामूला कायतरी सांगाय पायजे.